घाटाच्या अलीकडे
(पावसाळ्यापूर्वीच्या व्याख्यानमालेत रत्नागिरी येथे दिलेले व्याख्यान)

मंडळी, आगोट तोंडावर आली आहे. तांदूळ, कडधान्यं, सुकी मासळी, लाकूडफाटा यांची बेगमी करायला आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. आज मी या बेगमीत दारातल्या कुत्र्याचंही नाव घालायला सांगणार आहे. रात्री-अपरात्री त्याच्या जिवावर बेतलं तर कुणी काय करायचं, हे पाऊस लागण्याआधी घरात ठरलेलं असावं.

ही निकड रत्नागिरीकरांना जास्त आहे. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून जनावरांवर उपचार करतंय. महालक्ष्मीला 2024 मध्ये टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय उघडलं. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. हे सगळं आपल्यापासून लांब आहे. मुंबई सव्वातीनशे किलोमीटर, आणि कोल्हापूर गाठायचं तर मध्ये आंबा घाट. जुलै 2021 मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, त्याच दिवसांत आंबा घाटातला रस्ता खचला. तेव्हा पहिले काही तास जे करायचं, ते घाटाच्या अलीकडेच करायचं आहे, असं धरून चाला.

आता फुरशाकडे वळतो, कारण आपल्या सड्यांवर कुत्र्याचा खरा वैरी तो आहे. ब्रिटिश अमदानीत याच जिल्ह्यात फुरसं मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे, इतकी त्याची दहशत होती. जेमतेम हात-दीड हात लांबीचा हा साप जांभ्याच्या दगडाखाली, गडग्याच्या फटीत दडतो आणि अंधार पडला की बाहेर येतो. वेटोळं करून खवले एकमेकांवर घासतो, त्याची करकर ऐकू येते. माणूस ती ऐकून मागे सरतो, कुत्रा मात्र नाक पुढे करतो. म्हणून दंश बहुतेक वेळा तोंडावर नाहीतर पुढच्या पायावर असतो.

फुरशाचं विष रक्ताची गोठण्याची शक्ती खाऊन टाकतं. इथेच माणसं फसतात. तोंड सुजलेलं असतं, पण कुत्रा चालतो, शेपटी हलवतो, पाणी पितो. "बरा आहे की, सकाळी बघू," असं म्हणून तो पडवीत झोपवला जातो. पुढे हिरड्यांतून, नाकातून, लघवीतून रक्त येऊ लागतं. ते आतही कुठे झिरपत असतं, ते दिसत नाही. साप चावला अशी नुसती शंका आली तरी त्याच रात्री निघायचं, हे माझं आजचं सगळ्यात आग्रहाचं सांगणं आहे.

दवाखान्यात एक साधी तपासणी होते. थोडं रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन ती नळी वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग कलती करतात. रक्त वाहिलं, तर ते गोठत नाही आणि विष भिनलं आहे. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने गोठण्याची क्रिया सुरू होते, प्लास्टिकमध्ये तसं होत नाही. लहान दवाखान्यात कधी नेमकी तीच नसते. अशा दोन नळ्या तुमच्या प्रथमोपचाराच्या पेटीत असू द्या.

यावरचं औषध एकच, प्रतिसर्पविष. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. हिरव्या चापड्यासाठी ती नाही. कुत्रा लहान म्हणून मात्रा कमी, असं इथे चालत नाही. सापाने ओतलेलं विष तेवढंच असतं आणि ते निकामी करायला लसही तेवढीच लागते. लस मोकळं विष बांधते, पण संपलेले गोठणघटक यकृताला नव्याने बनवावे लागतात. त्याला काही तास जातात, म्हणून तीच तपासणी पुन्हा करतात. ही लस घरी कुणीही टोचू नये. तिची जोरदार ॲलर्जी येऊ शकते आणि त्यावरचं औषध हाताशी असलेला डॉक्टरच ती देऊ शकतो. आवळपट्टी, चिरा, चोखणं, दंशावर लेप यांतलं काहीही करू नका. गळ्यातला पट्टा काढा, कारण सूज वाढली की तो फास होतो. कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत घाला.

मण्यारीचं वेगळं. सूज जवळजवळ नाही, पण आवाज बदलतो, पापण्या मिटू लागतात, मागचे पाय लटपटतात आणि शेवटी श्वास थांबतो. तिथे मिनिटं मोजावी लागतात.

इथे मनात असलेलं स्पष्ट बोलतो. सरकारी आरोग्य केंद्रातला लशीचा साठा माणसांसाठी आहे आणि तो माणसांसाठीच राहिला पाहिजे. रात्री बारा वाजता तिथल्या नर्सताईंपुढे रडत उभं राहून त्यांना पेचात टाकणं बरोबर नाही. आपली सोय आपण करायची. वाडीतल्या चार घरांनी पैसे काढावेत आणि आपल्या पशुवैद्यांना लशीच्या काही कुप्या आणून ठेवायला सांगावं. भुकटीच्या रूपातली लस थंड, अंधाऱ्या जागी टिकते, मुदत कुपीवर छापलेली असते. मोठं यंत्र नसतानाही कोकणात जीव वाचवता येतात, हे डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवलं आहे. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात राहून त्यांनी विंचूदंशाचे रुग्ण रात्र रात्र बसून पाहिले आणि पुढे प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग जगासमोर ठेवला. त्यांचे रुग्ण माणसं होती, पण धडा आपल्याला लागू आहे.

सापाखेरीजही संकटं आहेत. आंब्याच्या बागेत फवारणी झाली की ओलं गवत चाटलेला कुत्रा लाळ गाळतो, थरथरतो. भातखाचरात उंदरांसाठी ठेवलेलं झिंक फॉस्फाइड त्याच्याही पोटात जातं. अशा वेळी मीठपाणी पाजून उलटी करवू नका. औषधाची बाटली किंवा पुडा सोबत आणा, कारण उतारा त्यावरच्या नावावरून ठरतो. किनाऱ्यावर जाळ्यातून फेकलेला केंड मासा खाऊ देऊ नका, तो जहरी आहे. रानडुकराचा सुळा किंवा बिबट्याचा दात बाहेर बारीक भोक पाडतो आणि आत मोठं फाडतो. त्यावर हळद भरून गप्प बसू नये. मोठ्या छातीचा कुत्रा पोट फुगून कोरडे उमाळे काढू लागला, तर जठर पिळलेलं असू शकतं. ती शस्त्रक्रियेची वेळ असते.

त्या नळ्यांखेरीज पेटीत फार काही नको. स्वच्छ कापूस, गॉज, रुंद पट्टी, सलाइनची बाटली, थर्मामीटर, टॉर्च आणि उचलायला जाड चादर पुरे. दुखावलेला कुत्रा आपल्या माणसालाही चावतो, म्हणून जबडा बांधायला पट्टी ठेवा. पण उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर जबडा बांधायचा नाही. आणि माणसांच्या डोकेदुखीच्या गोळ्या पेटीत ठेवूच नका, आयबुप्रोफेनने कुत्र्याचं जठर आणि मूत्रपिंड बिघडतं.

कुत्रा धडधाकट असतानाच ओठ वर करून हिरडी बघा. बोटाने दाबा. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. हे रोजचं दृश्य ज्याच्या डोळ्यांत बसलं आहे, त्याला फिकट हिरडी लगेच कळते. गोचीडतापातही तीच आधी सांगते.

बाकी सगळं माणसांवर आहे. रात्री फोन उचलणारे डॉक्टर कोण, पलीकडचे दुसरे कोण, पावसात गाडी कोण काढील, घरी आजी एकट्या असतील तर कुत्र्याला उचलणार कोण? 1962 हा पशुसेवेचा टोल-फ्री क्रमांक आहे. तुमच्या भागात फिरतं पथक किती वाजेपर्यंत येतं, ते आजच विचारा. हे सगळं कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावा, कारण मोबाईलमधलं ऐन वेळी एकालाच ठाऊक असतं.

एक गोष्ट उरली. फुरशाने किंवा गोचीडतापाने रक्त कमी झालेल्या कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्याचं रक्त देता येतं, आणि पहिल्या वेळी बहुधा ते सोसतं. देणारा तरणा, निरोगी, लसीकरण झालेला आणि पंचवीस किलोंच्या वर वजनाचा असावा. आपल्याकडे कुत्र्यांची रक्तपेढी नाही, म्हणून यादी हवी. दाराशी वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी असा कुत्रा आहे त्यांनी जाताना त्याचं वय, वजन आणि आपला फोन क्रमांक लिहावा. ती यादी शहरातल्या सगळ्या पशुवैद्यांकडे उद्याच पोचवू.