खाडीचे राखणदार
(जीर्णोद्धार समारंभात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचा जीर्णोद्धार पुरा झाला की सभामंडपाच्या भिंतीवर संगमरवरी पाटी बसते आणि तीवर देणगीदारांची नावे कोरली जातात. कोणी एकशेएक रुपये दिले, कोणी हजार दिले, कोणी ट्रॅक्टरभर वाळू आणून टाकली. ज्याच्यापाशी द्यायला काहीच नव्हते त्याने चार दिवस पाट्या वाहिल्या. त्याचे नाव पाटीवर येत नाही, पण देऊळ त्याच्याही खांद्यावर उभे असते. आज जे सांगायचे आहे ते अशाच लोकांविषयीचे आहे. फक्त त्यांनी राखलेली वास्तू दगडाची नसून चिखलाची आहे. ती म्हणजे समुद्राची खाडी.

परतूरला खाडीचे काय, असे कोणाच्याही मनात येईल. परंतु परतूर स्टेशनावर रात्री मुंबईच्या गाडीत बसलेला माणूस सकाळी कळवा सोडून ठाण्याकडे येतो, तेव्हा गाडी खाडीच्याच पुलावरून धडधडत जाते. दोन्ही काठांना बुटकी, दाट, हिरवी झाडी दिसते. डब्यातला माणूस तिला झुडूप समजतो. ती झुडपे नव्हेत, ते कांदळवन. कोणी त्यास खारफुटी म्हणतात. तिवर, चिपी, कांदळ ही त्यातली झाडे. भरतीचे खारे पाणी दिवसातून दोनदा मुळांशी येते, चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची मुळे उलटी, चिखलातून वर डोके काढून श्वास घेतात. कांदळाचे बी तर झाडावरच रुजते. आईच्या कडेवर मूल वाढावे तसे ते कोंबासह वाढते आणि मगच खाली चिखलात उतरते. या मुळांच्या जाळीत कोळंबी, खेकडे आणि माशांची पिल्ले लहानाची मोठी होतात. वादळ आले तर पहिला तडाखा हीच झाडे घेतात. सन 1999 मध्ये ओडिशात महाचक्रीवादळ झाले, त्याचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा ज्या गावांपुढे कांदळवनाचा रुंद पट्टा होता तेथे माणसे कमी दगावली असे आढळले.

एवढे असूनही शहराच्या लेखी ही जागा पडीकच होती. भराव टाका, राडारोडा ओता, झाडे मरू द्या, मग ती जमीन झाली म्हणा, असा क्रम चालला. गायरानाचे काय होते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. अखेर काही जागरूक नागरिक उच्च न्यायालयात गेले. सन 2005 मध्ये न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडण्यास मनाई केली, आणि 2018 मध्ये तर कांदळवनाचा नाश म्हणजे नागरिकांच्या जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग, असा निर्णय दिला. मधल्या काळात, 2012 साली, शासनाने वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. सन 2011 च्या वन सर्वेक्षणात महाराष्ट्राचे कांदळवन 186 चौरस किलोमीटर होते, ते 2021 च्या अहवालात 324 चौरस किलोमीटर नोंदले गेले. मोजणीची साधने सुधारली हेही त्याचे एक कारण असेल. पण सगळे श्रेय साधनांना देता येणार नाही.

याच ठाणे खाडीत रोहित पक्षी येतात. पैठणच्या नाथसागरावर ज्यांनी थंडीत उंच पायांचे, गुलाबी-पांढरे, वाकड्या चोचीचे पक्षी उथळ पाण्यात मान खाली घालून उभे पाहिले असतील, त्यांनी रोहित पाहिला आहे. खाडीत ते एखाद्या हंगामात लाखाच्या वर मोजले गेले आहेत. सन 2015 मध्ये तेथे सुमारे 17 चौरस किलोमीटरचे रोहित अभयारण्य जाहीर झाले, आणि 2022 साली ठाणे खाडीचे नाव रामसर यादीत गेले. रामसर हे इराणमधले गाव. तेथे 1971 साली पाणथळ जागा राखण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला, म्हणून त्या यादीस ते नाव पडले.

कागद झाले. पण अभयारण्य हा शब्द कानी पडला की काठचा कोळी बांधव प्रथम आपल्या जाळ्याकडे पाहतो. उद्या इथे होडी घालू देतील का? ही भीती खोटी म्हणता येणार नाही. ज्याच्या हरभऱ्यात रानडुकरे रात्रभर लोळून गेली, त्या शेतकऱ्याला सकाळी वन्यप्राण्यांवर प्रेम करण्याचा उपदेश करणे फार सोपे असते; उपदेश करणाऱ्याचे शेत नसते. किनाऱ्यावरही तेच. ज्याच्या पोटावर पाय येतो तो राखण करीत नाही, आणि एवढ्या लांबच्या किनाऱ्यावर हरघडी पहारा ठेवणे कोणत्याही खात्याला झेपणारे नव्हे.

म्हणून 2017 साली एक योजना निघाली. किनाऱ्यावरच्या गावांत समित्या कराव्यात, आणि कांदळवन न तोडता त्यातूनच पोट भरेल असे उद्योग गावकऱ्यांना द्यावेत: खेकडेपालन, कालवे, पिंजऱ्यातली मासेशेती, शोभेचे मासे, पर्यटन. गटाने मिळून केले तर खर्चाचा 90 टक्के भाग शासनाचा आणि 10 टक्के गटाचा. ही दहा टक्क्यांची अट काहींना जाचक वाटेल. देवळाच्या वर्गणीचा अनुभव असलेल्यांना ती तशी वाटू नये. ज्याचे दहा रुपये पडले आहेत तो हिशेब विचारतो, आणि कुंपण मोडले तर रात्री उठून पाहायलाही जातो.

सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याजवळ मांडवीची खाडी आहे. तेथल्या मच्छीमार घरांतल्या स्त्रियांचा ‘स्वामिनी’ नावाचा बचत गट आहे. त्यांनी पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखविण्याचे काम हाती घेतले. वल्ही स्त्रियांच्याच हाती. हे झाड कोणते, त्याचे मूळ असे का, तो पाण्यावर चपळाईने जाणारा निळा पक्षी कोणता, हे सर्व त्याच सांगतात. तिवराची फांदी पूर्वी चुलीत जात होती. आता तीच फांदी दाखवून चूल पेटते. अशा ठिकाणी झाडावर कुऱ्हाड पडली तर ओरडायला बाहेरचा कार्यकर्ता लागत नाही.

नव्या मुंबईत नेरूळला एक तलाव आहे, डीपीएस तलाव या नावाने तो ओळखला जातो. भरती चढली की खाडीवरचे रोहित तेथे विसाव्याला येतात. भरतीचे पाणी आत येण्याची वाट बंद झाली, तलाव आटू लागला, आणि 2024 मध्ये तेथे काही रोहित मेलेले सापडले. आजूबाजूच्या रहिवाशांनी ते प्रकरण सोडले नाही. अर्ज झाले, सभा झाल्या, माणसे तलावाकाठी जाऊन उभी राहिली. सन 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मान्यता दिली. त्यातले बहुतेक लोक नोकरदार. त्यांना त्या पाण्यातून एक मासाही मिळत नाही.

सारेच गोड आहे असे मात्र समजू नये. खाडीत अजून शहराचे सांडपाणी येते, प्लास्टिकच्या पिशव्या मुळांत अडकतात, आणि 2024 च्या मे महिन्यात विमानाच्या धडकेने एका रात्रीत तिसाहून अधिक रोहित मेले.

आता दुधनेकडे वळू. दुधना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला, आणि गोदावरी आंध्रात राजमहेंद्रीच्या पुढे पूर्व समुद्रास जाते. तिच्या मुखाशी कोरिंगा नावाचे मोठे कांदळवन आहे, 1978 पासून ते अभयारण्य आहे. ते ज्या गाळावर उभे आहे तो गोदावरीने वरून वाहून नेलेला गाळ, म्हणजे त्यात इकडच्या काळ्या रानाचीही माती आहे. आता बराच गाळ धरणांत अडतो, हा भाग निराळा. पण नदीत सोडलेली निर्माल्याची पिशवी काही धरणाच्या भिंतीपाशी विरघळत नाही.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. देवळात गाभाऱ्यासमोर फरशीत दगडी कासव असते. देवदर्शनाआधी माणूस वाकून त्याला हात लावतो. कोकणच्या समुद्रात असेच कासव, जिवंत, मच्छीमाराच्या जाळ्यात येते. ते हिसडे देते, जाळ्यात गुरफटते. जाळे कापल्यावाचून ते सुटत नाही. जाळे म्हणजे त्या घराची बैलजोडीच. सन 2018 च्या अखेरीस शासनाने ठरविले की, संरक्षित जीव सोडविण्यासाठी जाळे कापले तर मच्छीमारास 25,000 रुपयांपर्यंत भरपाई द्यावी. त्यासाठी सोडतानाचे छायाचित्र दाखवावे लागते. म्हणून भर समुद्रात, होडी हेलकावे खात असता, एकजण सुरी चालवितो आणि दुसरा मोबाईल धरून उभा राहतो. भरपाईचा अर्ज नंतर होतो, पैसे त्याच्याही नंतर येतात. त्या दिवशी मात्र कासव पाण्यात जाते आणि होडी फाटके जाळे घेऊन किनाऱ्याला लागते.