क्षमा कोणी करायची, आणि कोणाला?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

'क्षमा' या विषयावर बोल असे मला सांगितले तेव्हा मी जरा बिचकलेच. आपल्या कामात हा शब्द रोज कानावर पडतो. "झाले गेले विसर, माफ कर त्याला, पोरांकडे बघ." सासरचे म्हणतात, माहेरचे म्हणतात, चौकीतला हवालदारही म्हणतो. आज मात्र मी सुरुवात आपल्यापासून फार लांबच्या एका गावापासून करणार आहे. त्या गावाची गोष्ट मी एकदा नको तिथे सांगितली, आणि ती चूक मला अजून बोचते.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात निकेल माइन्स नावाचे लहानसे गाव आहे. तिथे अमिश लोकांची वस्ती आहे. हा ख्रिस्ती धर्मातला एक पंथ. घरात सरकारी विजेची तार नाही, मोटार नाही, घोडागाडी आहे. शेती, सुतारकाम, साधे कपडे. मुले आठवीपर्यंत गावच्याच एका खोलीच्या शाळेत शिकतात. २ ऑक्टोबर २००६ रोजी सकाळी त्या शाळेत एक माणूस बंदूक घेऊन शिरला. तो अमिश नव्हता, पण परकाही नव्हता. तिथल्याच गोठ्यांमधले दूध गोळा करणाऱ्या टँकरचा तो चालक. बायको होती, तीन मुले होती.

त्याने काय केले ते नीट ऐका. सगळ्या मुलग्यांना त्याने बाहेर जाऊ दिले. एक गरोदर बाई होती, तान्ही मुले कडेवर असलेल्या बाया होत्या, त्यांनाही जाऊ दिले. दहा मुलींना मात्र ठेवून घेतले. त्या ६ ते १३ वर्षांच्या होत्या. तरुण शिक्षिका आधीच निसटून मदत मागायला शेजारच्या मळ्यावर धावली होती. पोलीस आले तेव्हा त्याने त्या मुलींवर गोळ्या झाडल्या आणि मग स्वतःला मारून घेतले. पाच मुली गेल्या, पाच जबर जखमी होऊन वाचल्या. वाचलेल्यांनी पुढे सांगितले, की सगळ्यांत मोठी मुलगी, तेरा वर्षांची, त्याला म्हणाली होती, आधी मला मार. आपल्यावर वेळ घेतली तर धाकट्या वाचतील असे तिला वाटले असावे.

जगभरच्या वर्तमानपत्रांत गाजले ते पुढचे. त्याच दिवशी अमिश शेजारी मारेकऱ्याच्या घरच्यांना भेटायला गेले. तुमच्याबद्दल आमच्या मनात राग नाही, तुम्ही हे गाव सोडून जाऊ नका, असे त्यांनी सांगितले. एक जण त्याच्या बापाकडे गेला आणि रडणाऱ्या त्या म्हाताऱ्याला धरून बसून राहिला. मारेकऱ्याला पुरले तेव्हा जमलेल्यांत निम्म्याहून अधिक लोक अमिश होते. आदल्या दोन दिवसांत लेकी पुरून आलेले आईबापही त्यांत होते. जखमी मुलींच्या औषधपाण्यासाठी जगभरातून पैसे आले, त्यातला काही भाग त्यांनी मारेकऱ्याच्या विधवेला आणि मुलांना दिला. दहा दिवसांनी ती शाळा पाडून टाकली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये मुले जवळच्याच नव्या शाळेत बसू लागली.

मारेकऱ्याची आई पुढे दर आठवड्याला एका मुलीच्या घरी जात असे. सर्वांत जास्त इजा झालेली ही मुलगी. तिला ना चालता येत होते ना बोलता. ही आजीच्या वयाची बाई तिला आंघोळ घालायची, वाचून दाखवायची. २०१७ साली ती कर्करोगाने वारली, तोवर हे नाते टिकून होते.

हे त्यांना कसे जमले? ते काही एका दिवसात आलेले नाही. या पंथाचे पूर्वज सोळाव्या शतकात युरोपात होते. मोठेपणी समजून-उमजून बाप्तिस्मा घ्यावा, एवढ्या मतासाठी त्यांना जाळले, बुडवले. १५६९ साली हॉलंडमध्ये डर्क विलेम्स नावाचा असाच एक माणूस कैदेतून पळाला. पाठलाग करणारा शिपाई तळ्यावरचा बर्फ फुटून पाण्यात पडला. विलेम्सने मागे फिरून त्याला वर काढले. मग विलेम्सला पकडून जिवंत जाळले. अमिश घरांतून ही गोष्ट आजही मुलांना सांगतात. आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर, ही ख्रिस्ती प्रार्थना त्यांच्या तोंडी रोज असते. दुसऱ्याला क्षमा केली नाही तर देव आपल्याला करणार नाही, अशी त्यांची श्रद्धा आहे. म्हणून लोक कौतुक करू लागले तेव्हा ते गोंधळले. यात विशेष काय केले, असे त्यांना वाटले. आईबापांनी असेही सांगितले, की क्षमा एकदा करून संपत नाही. राग पुन्हा वर येतो, पुन्हा क्षमा करावी लागते. मानसोपचाराची मदतही त्यांतल्या अनेकांनी घेतली.

ही गोष्ट मी वाचली आणि भारावून गेले. त्यानंतर काही दिवसांनी आमच्या केंद्रात एक बाई आली. नवरा बारा वर्षे मारत होता. हात मोडलेला, वर्ष झाले माहेरी. नवऱ्याने बैठकीत सगळ्यांसमोर पाय धरले. बाई काही बोलेना. मला वाटले, हिच्या मनातली अढी निघाली तर संसार वाचेल. मी तिला बाजूला घेतले आणि निकेल माइन्सची गोष्ट सांगितली. तिने मन लावून ऐकली, डोळेही पुसले. मग म्हणाली, "ताई, तो मारणारा मेला होता ना? माझा तर बाहेर बाकावर बसलाय."

मैत्रिणींनो, मला उत्तर सुचले नाही. तिच्या एका वाक्याने मला ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावली.

निकेल माइन्समध्ये क्षमा झाली तेव्हा मारेकरी जिवंत नव्हता. तो पुन्हा शाळेत येणार नव्हता. हात पुढे केला तो त्याच्या विधवेला, आईबापांना, मुलांना, ज्यांचा काही गुन्हा नव्हता त्यांना. क्षमा करणारा सगळा समाज एकत्र होता, एकट्या बाईवर ओझे नव्हते. आणि कोणी बाहेरून येऊन त्यांना क्षमा करा म्हणून बजावले नव्हते. माझ्यासमोर बसलेल्या बाईच्या बाबतीत यातली एकही गोष्ट खरी नव्हती.

दुसरे असे, की सगळे जग क्षमेबद्दल बोलले, पण मुलगे सोडून मुलींनाच का ठेवले, याबद्दल फार थोडे बोलले. त्याने बरोबर आणलेल्या सामानावरून त्याचा मुलींवर अत्याचार करण्याचा बेत असावा असे पोलिसांनी सांगितले होते. त्या मुली मुली होत्या म्हणून मेल्या. क्षमेच्या कौतुकात ही गोष्ट झाकली गेली.

आणि तिसरी बाजू सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. हीच क्षमा अमिश घराच्या आत वेगळी दिसते. तिथे बाप, भाऊ, दीर यांनी मुलीवर हात टाकला तर पुष्कळदा प्रकरण चर्चमध्येच मिटवले जाते. तो गुडघे टेकून कबुली देतो. फार तर सहा आठवडे त्याला बहिष्कृत ठेवतात. मग त्याला परत घेतले की विषय संपला. त्यानंतर मुलीने तो काढायचा नाही. काढला तर क्षमा न करणारी म्हणून ती दोषी. समाज सोडून आलेल्या बायकांनी गेल्या वीसेक वर्षांत हे उघडपणे सांगितले आहे. काहींनी न्यायालयातही सांगितले आहे. तिथे बिशप पुरुष, उपदेशक पुरुष. शिक्षण आठवीपर्यंत, तेवढेच पुरे असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली मान्य केलेले. अशी मुलगी घर सोडून जाणार कुठे?

म्हणजे समाज तोच, प्रार्थना तीच. एकीकडे त्या क्षमेने एका विधवेला आणि तिच्या मुलांना जगायला आधार दिला, आणि दुसरीकडे मुलींची तोंडे बंद केली. अमिश लोक ढोंगी आहेत असे मी म्हणत नाही. निकेल माइन्सच्या आईबापांपुढे माझी मान आजही झुकते. माझे म्हणणे एवढेच, की 'क्षमा' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी लपतात. मनातला सूड सोडणे ही एक. शिक्षा माफ करणे ही दुसरी. पुन्हा त्याच माणसाबरोबर नांदणे ही तिसरी. पहिली केली म्हणजे बाकीच्या दोन आपोआप येत नाहीत. आपल्या देशातले उदाहरण ग्लॅडिस स्टेन्स यांचे. १९९९ साली ओडिशात त्यांच्या नवऱ्याला आणि दोन लहान मुलांना गाडीत जिवंत जाळले. त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. खटला मात्र चालला आणि मुख्य आरोपीला जन्मठेप झाली. त्यामुळे त्यांची क्षमा कुठे कमी ठरली नाही.

पुरुषप्रधान समाजात बाईकडून या तिन्ही गोष्टी एका दमात मागतात, आणि तिने दिल्या नाहीत तर तिलाच कठोर म्हणतात. त्या दिवशी मीही तेच मागत होते, फक्त चांगल्या गोष्टीच्या आडून.

त्या बाईने पुढे केस केली. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला आहे. निकेल माइन्सच्या त्याच महिन्यात. त्याखाली तिला संरक्षणाचा आदेश मिळाला, राहायला खोली मिळाली. तिच्या मनात नवऱ्याबद्दल काय आहे हे कोर्टाने विचारले नाही. मीही त्यानंतर विचारले नाही. दोन-तीन वर्षांनी ती आपणहून म्हणाली, "ताई, आता त्याचा राग येत नाही. पण दार उघडायचं नाही मला."

तेव्हा बैठकीत कोणी 'माफ कर' म्हणाले, तर आपण आधी तीन गोष्टी विचारू या. मारणारा आज कुठे आहे? माफी मागतोय कोण, आणि कोणासाठी? ती नाही म्हणाली तर तिला रात्री झोपायला जागा आहे का? यांची उत्तरे मिळेपर्यंत तिच्या मनाला हात लावायचा आपल्याला अधिकार नाही. क्षमा करायची की नाही, आणि केव्हा, हे तिचे तिने ठरवू द्या. तिची रात्र सुरक्षित जाईल हे पाहणे मात्र आपले काम आहे.