आधी उतार, मग चढ

आजचा भाग छोटा आहे. त्यात माझी एक चूक आहे, आणि आई-बाबांना इकडे फिरायला बोलावणाऱ्यांच्या ती कामी येईल.

मी वॉशिंग्टन डीसीजवळ राहतो. इथून साधारण 75 मैलांवर, व्हर्जिनियात, शेनांडोआ नॅशनल पार्क आहे. ब्लू रिज डोंगररांगेच्या माथ्यावरून 105 मैलांचा एकच रस्ता जातो, स्कायलाइन ड्राइव्ह. पार्कमधले सगळे पत्ते या रस्त्यावरच्या मैलांवरूनच सांगतात, आणि बरेचसे छोटे ट्रेल रस्त्यालगतच सुरू होतात.

गेल्या जुलैमध्ये आई-बाबा पुण्याहून आले होते. बाबा 63 वर्षांचे, दर रविवारी सिंहगड चढणारे. मी डार्क हॉलो फॉल्स निवडला. मैल 50.7 ला गाडी लावायची, जाऊन-येऊन 1.4 मैल, म्हणजे सव्वादोन किलोमीटर. म्हटलं, एवढं तर बाबा भाजी आणायला चालतात!

वाट झऱ्याच्या कडेने उतरत जाते. गर्द झाडी, गार वारा. वीसेक मिनिटांत खाली पोचलो. 70 फुटांचा धबधबा, टप्प्याटप्प्याने पडणारा. तिथला दगड ग्रीनस्टोन, म्हणजे मुळात लाव्हाच, पण 57 कोटी वर्षांपूर्वीचा. सह्याद्रीचा बेसाल्ट त्याच्यापुढे पोर, साडेसहा कोटींच्या आसपासचा. हे सांगितल्यावर बाबा खूश. अर्ध्या लिटरची एकच बाटली होती, ती तिथेच संपली.

आणि मग परतीचा चढ लागला.

तो चढ 440 फुटांचा आहे. दहा फुटांचा एक मजला धरला तर 44 मजले. ही माहिती मला आधीच मिळाली होती, पण मी फक्त अंतराचा आकडा वाचला. दिवसभर डेटाशी खेळणारा माणूस मी, आणि शेजारचा कॉलमच बघितला नाही.

अर्ध्या वाटेत बाबा एका दगडावर बसले. चेहरा पांढरा, शर्ट घामाने चिंब. मी विचारलं, "बाबा, छातीत काही होतंय का?" म्हणाले, "नाही रे, दम लागलाय फक्त." मोबाइलला रेंज नव्हती. आई काही न बोलता पदराने वारा घालत होती. तेवढ्यात खाली उतरणाऱ्या एका कुटुंबाने आपली पाण्याची बाटलीच आम्हाला देऊन टाकली. वर यायला सव्वा तास लागला. त्या सव्वा तासात माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं, ते इथे सांगत नाही.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, "मला उतरतानाच वाटलं होतं, इथूनच फिरावं. पण तू एवढी गाडी चालवत आणलंस, तुझा हिरमोड नको." आणि मी काय करत होतो? दर वळणाला "आलंच, आलंच" म्हणत होतो.

आपल्याकडे गडावर आधी चढ असतो. दमलात तर तिथूनच मागे फिरता, उतार आपला असतो. इथे रस्ता माथ्यावर आणि धबधबे दरीत. त्यामुळे जाताना पाय फसवतात. शरीर दमल्याचं सांगतं, तेव्हा सगळा चढ समोर उभा असतो.

म्हणून आता माझा नियम असा. लांबीसोबत चढ वाचायचा आणि तो वरच, गाडीपाशी, सगळ्यांना सांगायचा. माणशी एक लिटर पाणी. दहा मिनिटं उतरलं की थांबून विचारायचं, "इथूनच फिरायचं का?" आणि उत्तर "हो" आलं तर तोंड पाडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी आईने बजावलं, "आज चढ आधी." मैल 41.7 चा स्टोनी मॅन केला. 1.6 मैल, चढ 340 फूट, पण जाताना. बाबा दोनदा बसले, हवं तेव्हा, न लाजता. वर पोचल्यावर खालची दरी बघत म्हणाले, "हे आपल्यासारखं आहे."

तुमच्या घरचे मागे फिरायचंय हे बोलून दाखवतात का? नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!