कॅसेटच्या काउंटरपासून कन्सोलपर्यंत
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आयोजकांनी मला 'करिअर' या विषयावर सात मिनिटं दिली आहेत. मी गेली वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिते. त्यावर बोलायला लागले तर तुम्ही वेळेआधीच जेवायला उठाल. म्हणून मी वेगळा विषय घेतलाय. लहान वयात डीजे व्हायचं असेल तर सुरुवात कशी करावी? हसा, हसा. पीटीचे सरही हसताहेत, म्हणजे परवानगी मिळाली असं समजते.

डिसेंबर 1994 आठवतोय? आपण नववीत होतो. गॅदरिंगला मला नाचात घेतलं नव्हतं, कारण मी कायम अर्धा ठेका मागे असायचे. चित्रकलेच्या बाईंनी मला पडद्यामागे टेपरेकॉर्डरपाशी बसवलं. प्रत्येक गटाची कॅसेट वेगळी, गाणं कुठेतरी मधेच. मी प्रत्येक कॅसेटच्या कव्हरवर बॉलपेनने काउंटरचा आकडा लिहून ठेवला होता. फीत पुढे-मागे करायला हातात सहा कोनांची पेन्सिल. सातवीच्या मुलींच्या कोळीनृत्यात टेपने फीत खाल्ली. मुली स्टेजवर तशाच उभ्या, हॉलमध्ये शिट्ट्या. मी दुसऱ्या गटाची कॅसेट घातली, आकडा बघून फीत पुढे नेली आणि बटण दाबलं. गाणं भलतंच होतं, पण चाल जवळची होती. मुलींनी दोन क्षण एकमेकींकडे पाहिलं आणि नाचायला लागल्या. त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मांडववाले काका म्हणाले, "पोरी, गणपतीत ये, मशीन शिकवतो." घरी विचारलं. वडील म्हणाले, "मुलींनी मांडवात बसायचं नसतं. आधी दहावी बघ." विषय संपला.

तीस वर्षांनी माझी मुलगी, तेव्हा आठवीत होती, स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, मला डीजे व्हायचंय." मी कणीक मळत होते. मान वर न करता म्हणाले, "आधी दहावी बघ." वाक्य तोंडातून गेलं आणि लक्षात आलं, हे माझं नाहीच. हे मी ऐकलेलं आहे.

तिचंही चूक नव्हतं, माझंही पूर्ण चूक नव्हतं. आपल्याकडे डीजे म्हटलं की माणूस डोळ्यांसमोर येतच नाही. ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत येते. पण मुळात डीजे म्हणजे गाणी निवडून ती एकात एक गुंफणारा माणूस. आणि ही कला घडवली पोरांनीच. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने शाळा उघडण्याआधी कपड्यांना पैसे हवेत म्हणून इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. मुलींना 25 सेंट, मुलांना 50. रेकॉर्ड लावायला तिचा 18 वर्षांचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. गाण्यातलं गाणं थांबून नुसता ताल उरतो तेव्हा लोक जास्त नाचतात, हे त्याने हेरलं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन तबकड्यांवर ठेवून तो तेवढाच तुकडा लांबवू लागला. हिपहॉप तिथून वाढलं. त्याच भागातल्या ग्रँडमास्टर फ्लॅशने शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलं होतं. तो रेकॉर्डवर मेणखडूने खुणा करायचा, म्हणजे तुकडा नेमका सापडावा. हे वाचलं तेव्हा मला माझे बॉलपेनचे आकडे आठवले. आणि रेकॉर्ड हाताने घासून काढलेला तो 'स्क्रॅच' आवाज? तो सापडला थिओडोर नावाच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला. तो स्वतः सांगतो, की आई आवाजावरून ओरडायला दारात आली, म्हणून त्याने रेकॉर्ड हाताने धरून ठेवली. आईच्या ओरडण्यातून एवढं निघालं, तर आपणही आपलं ओरडणं जरा तपासावं, असं मला वाटलं.

मग आम्ही सुरुवात केली. पहिले तीन महिने काहीही विकत घेतलं नाही. घरातला जुना लॅपटॉप आणि 'मिक्स' नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. पहिला अभ्यास मोजण्याचा. एक-दोन-तीन-चार. नाचाची बहुतेक गाणी चाराच्या हिशेबात चालतात, आपला केरवा बसतो तशी. एक गाणं मिनिटाला 120 ठोक्यांचं आणि दुसरं 124 चं, दोन्ही एकदम सुरू केली, तर 15 सेकंदांत एक अख्खी मात्रा सुटते. म्हणून पहिल्याचा वेग किंचित वाढवायचा, दुसरं हेडफोनमध्ये एका कानाने ऐकत राहायचं आणि समेवर सम आली की सोडायचं. दोघांचे खर्ज एकदम वाजू द्यायचे नाहीत, नाहीतर चिखल होतो. एकाचा खर्ज उतरवायचा, मग दुसऱ्याचा चढवायचा. संगणक हे ठोके आपोआप जुळवून देतो, पण मी ते बटण सहा महिने वापरू दिलं नाही. गणित हाताने आलं की मगच कॅल्क्युलेटर, हे मला आपल्या गणिताच्या बाईंनी शिकवलंय.

दुसरा अभ्यास कानांचा, आणि इथे मी गंमत करत नाही. इंजिनीअरिंगला असताना तीन वर्षं मी कॉलेजच्या कार्यक्रमांचा साउंड सांभाळला, स्पीकरला अगदी खेटून. आज माझ्या डाव्या कानात बारीक शिट्टी वाजते. आत्ता तुमच्याशी बोलतानाही वाजतेय. तपासणीत चार हजार हर्ट्झच्या आसपास आलेख खाली घसरलेला दिसतो, आणि तो परत वर येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सोपा आहे. आठवड्याला 80 डेसिबलचा आवाज 40 तास चालतो, 90 चा 4 तास, 100 चा जेमतेम वीसेक मिनिटं. लेकीला मी कन्सोल घेऊन दिला तो सेकंडहँड, पण कानातली संरक्षक बोंडं नवी आणि चांगली. ती नसतील तर कन्सोल कपाटात, हा आमच्या घरातला एकमेव कडक नियम.

तिचा पहिला कार्यक्रम आमच्या सोसायटीच्या कोजागरीला झाला. आवडीची चाळीस गाणी तिने महिनाभर घोटून बसवली होती. गच्चीवर वीस मिनिटांत चिटपाखरू नाचेना. सगळे दूध पिऊन गप्पा मारत बसले. ती रडकुंडीला येऊन माझ्याकडे बघत होती. मी उठणार होते, पण नाही उठले. तिने यादी बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा समोर पाहिलं. शंभरच्या आसपास ठोक्यांवर येऊन तिने एक जुनं कोळीगीत सोडलं. पहिल्या उठल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, पदर खोचून. मग त्यांच्या सुना, मग पोरं. दहाला आवाज बंद केला तेव्हा लोक कुरकुरले. घरी येताना लेक म्हणाली, "आई, मी इतके दिवस फक्त गाणी ऐकत होते."

तुमच्यापैकी अनेकांची मुलं आज त्याच वयाची आहेत. त्यातलं एखादं उद्या असंच काहीतरी अडचणीचं मागेल. हो म्हणा, असं मी सांगत नाही. दहावीचा अभ्यास आमच्याकडेही चुकलेला नाही. फक्त मान वर करून एकदा विचारा, "कसं करतात ते? दाखव बरं." बाकीच्या अटी नंतर घालता येतात.

वडील आता नाहीत. असते तर त्यांना मी आज पहिल्या रांगेत बसवलं असतं, कारण जेवणानंतर त्या कोपऱ्यातल्या टेबलामागे त्यांची नात उभी राहणार आहे. आवाज मी मोजून ठेवला आहे, सरांना त्रास होणार नाही. आणि सातवीच्या त्या कोळीनृत्यातल्या दोघी इथे आल्या आहेत, हे मला चहाच्या वेळी कळलं. बायांनो, तुमचं गाणं तीस वर्षांपूर्वी अर्ध्यावर राहिलं होतं. आज पूर्ण लावते.