दोन दारांची खोली
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



माझी ओळख आत्ता ‘पुण्यातली सॉफ्टवेअर इंजिनिअर’ अशी करून दिली गेली. ती खरी आहे, पण आज मला एच.आय.व्ही.च्या तपासणीबद्दल बोलायचं आहे. स्नेहमेळाव्यात हा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. वाटू द्या.

गेली काही वर्षं मी सुट्टीच्या दिवशी एका संस्थेच्या तपासणी शिबिरांत नोंदणी सांभाळते. ट्रकथांबे, बांधकाम मजुरांच्या वस्त्या, अशा ठिकाणी. तपासणी साधी असते. बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतात, अर्ध्या तासात कळतं. संशय आलाच तर सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात वेगवेगळ्या किटवर पुन्हा तपासून मगच निदान सांगतात. पैसे पडत नाहीत. तरी माणूस येत नाही.

का येत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जवाहर चौकात कोण कुणाशी बोललं हे संध्याकाळपर्यंत वाडीत पोचतं. मग रुग्णालयात कुठल्या दारासमोर कोण बसलं होतं, ते लपणार कसं?

अणुस्कुरा घाट चढून गेलं की कोल्हापूर आणि त्याच्या पलीकडे सांगली. तिथे १९९२ साली मीना सेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘संग्राम’ ही संस्था सुरू केली. गोकुळनगरात बाहेरच्यांनी व्याख्यानं देण्याऐवजी वेश्याव्यवसायातल्या बायकाच निरोध वाटू लागल्या, एकमेकींना समजावू लागल्या. १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. ज्यांना लोक रोगाचं मूळ म्हणत होते, त्यांनीच तो रोखायचं काम हातात घेतलं.

आमच्या शिबिरातही तेच दिसतं. डॉक्टरांनी हाक मारली की चालक चहाचा ग्लास घेऊन लांबच उभे राहतात. पूर्वी स्वतः गाडी चालवणारे एक काका आमच्याबरोबर असतात. ते आधी टायरबद्दल बोलतात, मग टोलबद्दल, आणि बऱ्याच वेळाने चालक आपणहून बोट पुढे करतो.

माझं काम नोंदींचं. त्यात काय लिहायचं नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडे नाव आणि निकाल एका पानावर येत नाहीत, फक्त क्रमांक असतो. २०१७ च्या एच.आय.व्ही.-एड्स कायद्याने संमतीशिवाय तपासायला आणि निकाल उघड करायला मनाई केली आहे. पण कायदा दिल्लीत असतो आणि वही टेबलावर उघडी पडलेली असते!

आपण शाळेत होतो तेव्हा आमच्या वाडीतला एक चाकरमानी मुंबईहून आजारी होऊन परतला. टीबी आहे, असं सगळे म्हणत. त्याचं ताट वेगळं, पेला वेगळा. तो गेला. ‘तूही तपासून घे’ असं त्याच्या बायकोला कुणी म्हटलं नाही. चार वर्षांनी तीही गेली. तेव्हा औषधं तरी कुठे होती, असं म्हणता येईल. सरकारने मोफत एआरटी सुरू केली ती एप्रिल २००४ मध्ये. आज ती सबब उरलेली नाही. २०१७ पासून निदान झालं की लगेच उपचार सुरू करायचं धोरण आहे. औषध रोज घेऊन रक्तातले विषाणू चाचणीत दिसेनासे झाले आणि तसेच राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर बाईला वेळेत औषध मिळालं तर बाळही बहुतेक वेळा सुरक्षित राहतं. पण आधी कळायला तर हवं.

म्हणून एक सुचवते. गणपतीला मुंबईकर गावी येतात. त्या दिवसांत आपल्या तुकडीतर्फे तपासणी ठेवूया. रक्तदाब, साखर आणि ज्याला हवी त्याला एच.आय.व्ही. रांग एकच, म्हणजे कोण कशासाठी आलं ते कळणार नाही. समुपदेशनाला आत वेगळी जागा. किट आणि प्रशिक्षित माणसं सरकारी यंत्रणेकडूनच यायला हवीत, तो पत्रव्यवहार मी करते. आपल्यातले डॉक्टर आहेतच. त्यांच्यापेक्षा मला रिक्षावाले मित्र आणि मुंबईच्या मंडळांतले मित्र जास्त हवे आहेत. लोक त्यांचं ऐकतात.

आणि खोली हवी, दोन दारांची. एका दाराने आत, दुसऱ्याने बाहेर. सर, आपली प्रयोगशाळा तशीच होती ना? चहाच्या वेळी मी मुख्याध्यापकांना भेटणार आहे. ज्यांना यायचं त्यांनी बरोबर या. आणि कुणाला स्वतःसाठी काही विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे. तिथे नाव न सांगता बोलता येतं.