'नामंजूर'च्या पत्राला उत्तर असतं



मी एकतीस वर्षं महसूल खात्यात नोकरी केली. निवृत्त झाले तेव्हा अव्वल कारकून होते. 'आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे' हे वाक्य मी स्वतः किती वेळा लिहिलं असेल, त्याची गणती नाही. असं पत्र गेलं, की बहुतेक माणसं पुन्हा कचेरीत फिरकत नाहीत, हे मी तेव्हाच पाहिलं होतं. पत्रात कारण काय दिलंय आणि ते टिकणारं आहे का, हे कुणी बघतच नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत तसंच एक पत्र आमच्या सांगलीच्या घरी माझ्या नावानं आलं. पाठवणारी होती विमा कंपनी.

त्याचं असं झालं. २०२२ च्या जूनमध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं टोरांटोला गेलो. मुंबईहून निघून युरोपात विमान बदलायचं होतं. कोरोनानंतर तिकडच्या विमानतळांवर माणसं कमी आणि प्रवासी एकदम वाढलेले. लंडन, ॲमस्टरडॅमला बॅगांचे ढीग साचल्याची छायाचित्रं त्या उन्हाळ्यात आपण पेपरात पाहिली असतील. टोरांटोला सामानाचा पट्टा फिरून फिरून थांबला. आमच्या चारांपैकी तीन बॅगा आल्या. जी आली नाही, तीत बाळंतिणीचे कपडे होते, डिंकाचे लाडू होते, बाळाचे चांदीचे वाळे होते आणि माझ्या आईच्या नऊवारीची मी शिवलेली गोधडी होती.

आमचे हे म्हणाले, "चल, पोरगी बाहेर ताटकळली असेल. उद्या फोन करू." मी म्हटलं, "अहो, कागद हातात घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही." कारकुनी खोड, दुसरं काय! तिथल्या खिडकीवर तक्रार नोंदवून घेतात. त्या कागदाला 'प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट' असं लांबलचक नाव आहे. तिथले लोक 'पीआयआर' म्हणतात. त्यावर क्रमांक असतो. बॅगेचा रंग, आकार, आत काय आहे, हे मी तिथंच लिहून दिलं. हा कागद नसता, तर पुढचं सगळं बोलणं व्यर्थ होतं. तिकिटाबरोबर मिळालेली बॅगेची चिकटपट्टीही आपण सहसा फेकून देतो. ती मी पाकिटात जपून ठेवली होती.

मग सुरू झालं 'उद्या'. रोज फोन केला, की विमान कंपनीची मुलगी गोड आवाजात सांगायची, बॅग उद्या येईल. पाचव्या दिवशी मी भारतातल्या विमा कंपनीला ईमेल केला. पुढं हाच पाचवा दिवस मला नडला.

एकविसाव्या दिवशी नातू आठ दिवसांचा झाला होता, आणि बॅग कायद्यानं 'हरवली'. विमानप्रवासाबद्दल १९९९ चा माँट्रियल करार आहे. भारत २००९ पासून त्यात आहे. बॅग पोचायला हवी होती त्या दिवसापासून एकवीस दिवसांत आली नाही, तर ती हरवली असं धरून प्रवाशाला भरपाई मागता येते. तोवर तिला उशीर झालेला असतो, एवढंच. ह्या भरपाईला कमाल मर्यादा आहे. ती 'एसडीआर' नावाच्या आंतरराष्ट्रीय हिशेबी एककात ठरते. तेव्हा ती दरमाणशी १,२८८ होती, २०२४ च्या डिसेंबरअखेर १,५१९ झाली. रुपयांत आज ही रक्कम दीड लाखाच्या वर जाते. पण ही झाली कमाल. हातात पडतं ते आपण काय सिद्ध करतो त्यावर. माझी यादी बासष्ट हजारांची होती. वापरलेल्या कपड्यांची घसरलेली किंमत धरून विमान कंपनीनं अठ्ठावीस हजार दिले. बॅग हरवली आणि एवढे पैसे दिले, असं पत्रही मी मागून घेतलं.

उरलेल्या चौतीस हजारांसाठी विमा. तो घेताना मी पॉलिसी वाचली नव्हती, हे आधी कबूल करते. एजंटानं 'सामानाला हजार डॉलर' सांगितलं आणि मी मान डोलावली. आता भिंग घेऊन बसले. एका बॅगेला हजाराच्या निम्मेच, म्हणजे पाचशे डॉलर. एका वस्तूला दहा टक्के. दागिने, रोकड, कॅमेरा यांना काहीच नाही. विमान कंपनीनं दिलेले पैसे वजा होणार. आपल्याकडच्या बऱ्याच पॉलिस्यांत अशीच कलमं असतात, आकडे थोडे इकडेतिकडे. वाळे मी यादीत मुळात धरलेच नव्हते. चूक माझी होती. चांदी कुणी बॅगेत घालून सोडून देतं का!

तर ते नामंजुरीचं पत्र. त्यात दोन कारणं होती. एक, घटना चोवीस तासांत कळवली नाही. दोन, वस्तूंच्या मूळ पावत्या नाहीत. हे म्हणाले, "सोड आता. चौतीस हजारांसाठी कुठं म्हातारपणी भांडत बसतेस?" मी म्हटलं, निदान उत्तर तरी लिहू.

कचेरीत आम्ही उत्तर मुद्देनिहाय लिहायचो. तसंच लिहिलं. रागाचा शब्द एकही नाही, गोधडीचं दुःखही नाही. पहिल्या मुद्द्यावर मी त्यांच्याच पॉलिसीतलं वाक्य उतरवलं. त्यात 'सामान हरवल्यापासून' असं होतं. सामान हरवलं कधी? विमान कंपनीच्याच पत्राप्रमाणं एकविसाव्या दिवसानंतर. मी पाचव्या दिवशी कळवलं, म्हणजे उशिरा नव्हे, सोळा दिवस आधीच कळवलं! शिवाय, उशिरा कळवलं एवढ्याच कारणानं खरा दावा यांत्रिकपणे फेटाळू नये, असं विमा नियामकानं २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना सांगितलं आहे. ट्रकच्या चोरीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही २०१७ साली तेच म्हटलं.

पावत्यांचं काय? लुगड्याची पावती कोण ठेवतो! पण लेकीच्या कपड्यांचे पैसे कार्डानं दिले होते. बँकेचा उतारा काढला. शिंप्याची चिठ्ठी सापडली. बॅग भरताना धाकट्या जावेनं मोबाइलवर फोटो काढले होते, तिला पाठवायला. ते छापून घेतले. बाकीच्यासाठी शपथपत्र. विमानतळावर त्याच दिवशी लिहून दिलेली यादी आणि दाव्याची यादी शब्दाला शब्द जुळत होती, हे ठळक दाखवलं. (कागद नाहीत म्हणून दावा फेटाळू नका, असं नियामकानं २०२४ साली कंपन्यांना बजावलं. माझ्या वेळी ते नव्हतं.)

हे उत्तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं ईमेलनं आणि स्पीड पोस्टानं पाठवलं. पोच फायलीला लावली. इथं फोनवर बोलू नये. फोनला आवक क्रमांक नसतो.

उत्तर आलं, 'निर्णय कायम'. पण गंमत अशी, की त्यात तिसरंच कारण उगवलं : बॅगेत नाशवंत खाद्यपदार्थ होते. लाडवांसाठी अख्खी बॅग नामंजूर! फेटाळणीच्या पत्रात नसलेलं कारण विमा कंपनीला मागाहून पुढं करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली एका रसायन कंपनीच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. म्हणून पहिलं पत्र सांभाळून ठेवायचं, पाकिटासकट. त्यावरच्या शिक्क्याची तारीख कामी येते.

पुढचा दरवाजा विमा लोकपालाचा. माझ्या वेळी महाराष्ट्रात मुंबईला आणि पुण्याला त्यांची कार्यालयं होती. आधी कंपनीकडं लेखी तक्रार करावी लागते. उत्तर पटलं नाही, किंवा महिनाभरात आलंच नाही, तर वर्षाच्या आत लोकपालाकडं जाता येतं. फी नाही आणि वकीलही चालत नाही, हे मला फार आवडलं. आपलं आपणच बोलायचं. तेच प्रकरण न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात चालू असेल, तर मात्र लोकपाल ते घेत नाहीत. लोकपालाचा निवाडा कंपनीला बांधील असतो, आपल्याला नसतो. पटला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तिथं मुदत दोन वर्षांची. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. प्रवासविम्यासारख्या लहान हप्त्याच्या पॉलिसीला तिथंही फी नाही.

माझी सुनावणी संगणकावर झाली, जेमतेम पंधरा मिनिटं. कंपनीच्या तरुण प्रतिनिधीला विचारलं गेलं, चोवीस तास कधीपासून मोजायचे? तो पानं चाळत राहिला. मला खरं तर त्याची दया आली. असल्या जागी मीही बसलेली आहे, साहेबांनी सही केलेल्या कागदाचं समर्थन करत. मला विचारलं, लाडवांचे पैसे मागता का? मी म्हटलं, नाही साहेब, ते वजा करा.

लाडू आणि कसलाही पुरावा नसलेल्या वस्तू वजा होऊन सव्वीस हजारांचा निवाडा झाला. पैसे महिन्याच्या आत खात्यात आले. गोधडीची किंमत मी यादीत पाचशे रुपये लावली होती. ती त्यांनी जशीच्या तशी धरली.

आता गल्लीतली माणसं आपापली नामंजुरीची पत्रं घेऊन येतात. कुणाचा दवाखान्याचा दावा, कुणाचं पीकविम्याचं. मी आधी पाकीट मागते. बहुतेकांनी ते टाकून दिलेलं असतं.

नातवासाठी दुसरी गोधडी शिवली. गेल्या खेपेला ती खांद्यावरच्या पिशवीतून नेली. नवे वाळेही तीतच होते. ते आता त्याच्या पायात चढत नाहीत, ही गोष्ट वेगळी.