प्रेक्षकाची वर्गणी आणि खेळाडूची मजुरी

(इंदूर येथे मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा आटोपशीर केला आहे.)



मी काही वक्ता नाही. पॉलिटेक्निकची पदविका घेतलेला, राज्य सरकारच्या नोकरीत रस्ते आणि पुलांची मापं घेणारा माणूस. पण गेली बारा-तेरा वर्षं मंडळाचं वर्गणीपुस्तक माझ्या हातात आहे. त्यामुळे लोकांनी कशासाठी पैसे द्यावेत आणि कशासाठी देऊ नयेत, यावर दोन शब्द बोलायचं धाडस करतो.

माझा मावसभाऊ अमेरिकेत टेनेसी राज्यात असतो. तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा तो भक्त आहे. हे फुटबॉल म्हणजे आपलं पायानं खेळायचं नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन, डोक्यावर शिरस्त्राण चढवून एकमेकांना भिडायचं. सामना कॉलेजच्या मुलांचा, पण स्टेडियममध्ये एक लाखावर माणसं बसतात. भाऊ दरवर्षी पूर्ण हंगामाचं तिकीट काढतो. एकदा फोनवर म्हणाला, "दादा, २०२५ च्या तिकिटावर विद्यापीठानं दहा टक्के जादा लावलेत. नाव दिलंय 'टॅलेंट फी'. खेळाडूंना द्यायचेत म्हणे. शिवाय चाहत्यांची एक संस्था दरमहा वर्गणी मागते, ती निराळीच. तू वर्गणीवाला माणूस. सांग, द्यावेत का?"

मी म्हटलं, थोडं वाचून सांगतो. वाचलं ते असं.

अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचा कारभार एनसीएए ही संस्था पाहते. तिची स्थापना १९०६ सालची. खेळाडू हा विद्यार्थी आहे, त्यानं खेळाचा मोबदला घ्यायचा नाही, हा तिचा जुना दंडक. फी, राहणं, जेवण, पुस्तकं एवढं शिष्यवृत्तीतून मिळे. मात्र बाकी सगळ्यांना पैसा मिळत होता. 'बिग टेन' नावाच्या विद्यापीठांच्या एका गटानं २०२२ साली टीव्हीच्या हक्कांचा करार केला, तो सात वर्षांचा आणि सात अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा. काही प्रशिक्षकांचा पगार वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर आहे. आपण सरकारी नोकर मंडळींनी पुढची गोष्ट जरा लक्ष देऊन ऐकावी. तिकडच्या बहुतेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसतो, मुख्य अभियंता तर नसतोच. तो असतो सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक! २०२३ साली टेक्सासमधल्या एका विद्यापीठानं प्रशिक्षकाला मुदतीआधी काढलं, तर कराराप्रमाणे त्याला साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं निघालं. आणि ज्याचे गुडघे फुटतात तो पोरगा मात्र हौशी.

शेवटी खेळाडू कोर्टात गेले. २०२१ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं नऊ विरुद्ध शून्य असा निकाल एनसीएएच्या विरोधात दिला. लगेच १ जुलैपासून खेळाडूंना आपलं नाव आणि छबी वापरू देऊन कमाई करायची मोकळीक मिळाली. हेतू असा, की एखाद्या बूट कंपनीनं त्याची जाहिरात करावी आणि त्याला पैसे द्यावेत. घडलं वेगळंच. गावोगावी धनिक माजी विद्यार्थी आणि सामान्य चाहते मिळून संस्था निघाल्या. त्यांना 'कलेक्टिव्ह' म्हणतात. त्यांनी वर्गणी गोळा करायची आणि खेळाडूला एखाद्या कार्यक्रमाला बोलावून, सह्या देण्याच्या निमित्तानं पैसे द्यायचे. कागदावर जाहिरात, प्रत्यक्षात पगार. काही संस्थांनी 'आम्ही धर्मादाय, देणगीवर करसवलत घ्या' असंही सांगितलं. २०२३ साली तिथल्या आयकर खात्यानं सुनावलं की मुख्य काम खेळाडूंना पैसे देण्याचं असेल, तर ते बहुतेक वेळा धर्मादाय ठरत नाही.

मग ६ जून २०२५ रोजी कोर्टानं एक मोठी तडजोड मंजूर केली. त्यानुसार विद्यापीठ स्वतः खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. जुन्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर दहा वर्षांत मिळायचे आहेत. म्हणजे मजुरी मान्य झाली. ती कोणाच्या खिशातून द्यायची, हा प्रश्न उरला, आणि त्याचं एक उत्तर माझ्या भावाच्या तिकिटावर छापून आलं.

आता भावाची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणतो, "संघ माझा आहे. शेजारच्या राज्यातले लोक पैसे देतात आणि आमचा चांगला मुलगा पळवतात. आम्ही हात आखडला तर हरत बसायचं का?" यात तथ्य आहे. प्रेम असेल तिथे माणूस पदरमोड करतोच. आपण गणपतीला पैसे देतो ते काय हिशेब करून देतो?

पण माझ्या मनात एक जुनी गोष्ट आहे, ती सांगतो. पॉलिटेक्निकला असताना मी कबड्डी खेळायचो. बाहेरगावच्या स्पर्धेसाठी निवड झाली आणि घरी गाडीभाड्याचे पैसे नव्हते. गल्लीतल्या लोकांनी साडेचारशे रुपये जमवले. बुटांची जोडी घेतली, गेलो, आणि दुसऱ्याच सामन्यात माझ्या चुकीनं आम्ही हरलो. परत आल्यावर किराणा दुकानात एक काका हसत हसत म्हणाले, "काय रे, आमचे वीस रुपये बुडवलेस ना!" थट्टाच होती. पण पुढचे कित्येक दिवस मी त्या दुकानापुढून गेलो नाही. त्या वर्षानंतर खेळणंही सुटलं. वीस रुपयांत त्या काकांना माझ्या हरण्यावर हक्क मिळाला होता. मग दरमहा पैसे भरणारे हजारो लोक एका वीस वर्षांच्या मुलाला काय काय ऐकवत असतील, याचा विचार करा. त्याच्या हातून चेंडू निसटला की तो खेळाडू राहत नाही, वसुलीचा विषय होतो. आणि चाहत्यांचा उत्साह ओसरला की त्याचा पगारही ओसरतो. माझा पगार रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या मर्जीवर ठरला असता तर मी कधीच उपाशी मेलो असतो.

मग वर्गणी वाईट का? मुळीच नाही. आपल्या खाशाबा जाधवांची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला ते गेले तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. १९५२ च्या हेलसिंकीच्या वेळी पैशाची पुन्हा अडचण आली. लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परत येऊन कुस्त्या लढून त्यांनी ते कर्जही फेडलं.

हीसुद्धा चाहत्यांचीच मदत. मग फरक कुठे? खाशाबांच्या कुस्तीवर तेव्हा कोणी अब्जावधी कमावत नव्हतं. तिजोरीच रिकामी होती, म्हणून लोकांनी ओंजळ पुढे केली. अमेरिकन कॉलेज फुटबॉलची तिजोरी भरलेली आहे. तिथे चाहता तिकिटाचे, गाडी उभी करण्याचे, जर्सीचे आणि टीव्ही वाहिनीचे पैसे आधीच देतो. वाढप्याला मजुरी द्यायची ती केटररनं. पंगतीत आहेर देऊन बसलेल्या पाहुण्यापुढे पुन्हा थाळी फिरवायची नसते.

आणि गंमत अशी, की जिथे चाहत्याची ओंजळ खरंच लागते तिकडे कोणी बघत नाही. नव्या पैशाचा बहुतेक वाटा मोठी विद्यापीठं फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलला देत आहेत. पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, टेनिस हे खेळ फारसे कमावत नाहीत, आणि खर्च कमी करताना पहिली कात्री त्यांच्यावर चालते. अमेरिकेला ऑलिम्पिकची पदकं देणारी किती तरी मुलंमुली याच कॉलेजच्या तलावांतून आणि आखाड्यांतून तयार होतात.

म्हणून मी भावाला सांगितलं, "तुला तिकीट परवडत असेल तर घे, सामना बघ. पण फुटबॉलवाल्यांचा पगार हे विद्यापीठाचं देणं आहे, ते तुझ्या माथी नको. प्रशिक्षकाच्या करारातून आणि टीव्हीच्या पैशातून ते काढायला सांगा, तुम्ही तिकीटवाले एकत्र या आणि हिशेब मागा. आणि द्यायचीच असेल वर्गणी, तर पोहणाऱ्या एखाद्या मुलीच्या प्रवासाला दे. एकदा दिलीस की विसरून जा." तो म्हणाला, "दादा, तिकीट तर नूतनीकरण केलं रे, दहा टक्क्यांसकट." मी म्हटलं, "भक्ताला कोण समजावणार!" पण पुढच्या महिन्यात त्यानं पोहण्याच्या संघाला पन्नास डॉलर पाठवल्याचं कळवलं.

शेवटी आपल्याकडे येतो. मल्लखांब हा आपल्या मध्य प्रदेशचा राज्यखेळ आहे. आपल्या मंडळातल्या चार मुली तो शिकतात, आणि त्यांच्यासाठी निधी काढायचा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. इथे तिजोरी रिकामीच आहे, त्यामुळे वर्गणी मागायला मी स्वतः दारोदारी फिरेन. माझ्या दोनच अटी आहेत. एक, पैशाचा हिशेब दरवर्षी फलकावर लागावा. दुसरी, कोणत्या घरानं किती दिले ते त्या मुलींना कधीही कळू नये. त्या पडल्या, हरल्या, उद्या खेळ सोडून दिला, तरी कोणत्याही दुकानापुढून त्यांना मान वर करून जाता आलं पाहिजे.

एवढं बोलून आपली रजा घेतो. गणपती बाप्पा मोरया!